पायलट व्हायचंय? फी भरण्याआधीची तयारी

मुलानं किंवा मुलीनं पायलट व्हायचं म्हटलं की सातारा-सांगलीकडच्या घरात पहिली चर्चा पैशांची होते. मग कुठल्या तरी सेमिनारमध्ये ॲडव्हान्स भरला जातो आणि मेडिकलचं नंतर बघू म्हणतात. हा क्रम साफ उलटा आहे. आधी मेडिकल, मग कागदपत्रं, मग डीजीसीएचे, म्हणजे पायलटचा परवाना देणाऱ्या केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याचे पेपर, आणि सगळ्यात शेवटी फ्लाइंगची फी.

अकरावीला प्रवेश घेतानाच भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही विषय आहेत ना, ते बघा. पीसीबी किंवा कॉमर्स घेऊन बसलेल्यांना एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देता येतात, पण त्यात वेळ जातो. नुसतं पास होऊनही भागत नाही. रायबरेलीजवळच्या इग्रुआ या सरकारी फ्लाइंग स्कूलची प्रवेश परीक्षा असो की एअरलाइनचे स्वतःचे पायलट घडवणारे कॅडेट प्रोग्रॅम, या दोन विषयांसोबत इंग्रजीचे टक्केही बघतात.

मेडिकलची सुरुवात घरच्या घरी करता येते. सांगली-मिरजेत डोळ्यांच्या डॉक्टरांची वानवा नाही. त्यांच्याकडे ठिपक्यांच्या गोलांत आकडे दडवलेलं इशिहाराचं पुस्तक असतं, ते दहावीच्या सुट्टीतच वाचून घ्या. लाल-हिरव्या रंगांतला फरक न कळण्याचा दोष मुलांमध्ये मुलींपेक्षा खूप जास्त आढळतो, आणि बऱ्याच जणांना तो आपल्यात आहे हे माहीतच नसतं. यावर चष्मा किंवा ऑपरेशनचा इलाज नाही. चष्म्याचा नंबर मात्र तितका घाबरण्यासारखा नाही. चष्म्यानं नजर 6/6 होत असली तर सहसा चालतं. चष्मा घालवण्याचं लेसर ऑपरेशन, लॅसिक, करायचा विचार असेल तर आधी डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांना विचारा, नंतर नको.

मग डीजीसीएच्या ऑनलाइन ईजीसीए पोर्टलवर नोंदणी करून क्लास 2, म्हणजे सुरुवातीचं मेडिकल. पॅनेलवरच्या डॉक्टरांची यादी डीजीसीएच्या साइटवर असते. आपल्याकडून पुणं सोयीचं पडतं. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान आणि डोळे तपासतात. जाण्याआधी कानातला मळ ईएनटीकडून काढून घ्या. गणपतीच्या मिरवणुकीत रात्रभर डॉल्बीपुढे नाचून दुसऱ्या दिवशी ऑडिओग्रामला, म्हणजे कानांच्या चाचणीला, बसू नका, कारण मोठ्या आवाजानं ऐकण्याची क्षमता काही काळ खरोखरच उतरते आणि तो आलेख रेकॉर्डवर जातो. बीपी किंवा वजनामुळे ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा आला तर खचू नका. सांगितलेल्या मुदतीत सुधारणा करून पुन्हा जाता येतं. क्लास 2 पार पडलं की क्लास 1, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारं मेडिकल. हे हवाई दलाच्या किंवा डीजीसीएनं मान्य केलेल्या केंद्रात होतं आणि तारीख मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज लगेच टाका. क्लास 1 हातात येईपर्यंत कुणालाही मोठी रक्कम देऊ नका.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर वडिलांचं नाव गाळलेलं, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ कमी-जास्त. डीजीसीएच्या परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक, काढताना दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांची बोर्डाकडून पडताळणी लागते; सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात, तेव्हा ते काम तिथलं. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा आणि दुरुस्ती अर्जाआधी करा. पासपोर्टही याच काळात काढून ठेवा.

पेपर पाच: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकाला 70 टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा, आरटीआर. पाठांतर फक्त रेग्युलेशन्समध्ये चालतं. नेव्हिगेशनमधला ‘1 इन 60’ चा नियम घ्या. साताऱ्याहून सांगली सरळ रेषेत जवळपास 60 नॉटिकल मैल आहे. दिशा 1 अंशानं चुकली तर सांगलीजवळ तुम्ही 1 नॉटिकल मैल, म्हणजे 1.85 किलोमीटर, बाजूला असाल. हे नकाशावर पट्टी-कोनमापक घेऊन एकदा करून बघा, सूत्र पाठ करावं लागणार नाही. मेटिऑरॉलॉजीतला डोंगरी पाऊस, म्हणजे वारे डोंगराला अडून पडणारा पाऊसही सातारा जिल्ह्यातच आहे: महाबळेश्वरला हजारो मिलीमीटर, तर माण-खटावला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही मुश्किलीनं. मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजी बोलण्याचा सराव आत्ताच सुरू करावा. व्याकरणापेक्षा ऐकलेली सूचना तशीच स्पष्ट परत म्हणता येणं महत्त्वाचं. पायलटांच्या इंग्रजी चाचणीत किमान लेव्हल 4 लागते.

निदान तीन पेपर सुटल्यावर फ्लाइंग स्कूल धरा. तोवर फ्लाइंग स्कूलच्या गावी राहण्या-जेवणाचा खर्च चालू ठेवून अभ्यास करणं परवडत नाही. बारामती जवळ आहे, गोंदियाला मोठी संस्था आहे. जवळ आहे एवढ्यावरून मात्र ठरवू नका. उडण्याच्या स्थितीतली विमानं किती, त्यांवर विद्यार्थी किती, मागच्या बॅचला परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे 200 तास पुरे करायला किती महिने लागले, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा, ऑफिसला नको. डीजीसीए 2025 पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणीही जाहीर करते, तीही बघा. पावसाळ्यात ढग आणि दृश्यमानतेमुळे उड्डाणं रखडतात, म्हणून शक्यतो पावसाळा संपता-संपता रुजू व्हा.

सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्याला, वय 18 पूर्ण हवं. 200 तासांत 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, त्यात 20 तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे, आणि 300 नॉटिकल मैलांचा एक मोठा प्रवास. शिवाय 10 तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडणं, आणि रात्रीचे 5 तास, 10 टेकऑफ-लँडिंगसह. एकूण बेरीज 200 भरते आणि एखाद्या रकान्यात दहा मिनिटं कमी पडतात, असं होतं. तेव्हा लॉगबुक रोज संध्याकाळी भरा, रकानेवार बेरीज करा आणि इन्स्ट्रक्टरची सही त्याच आठवड्यात घ्या.

खर्चाचा अंदाज भारतात साधारण 50 लाखांच्या आसपास धरा, आणि ए320 सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवण्याचं प्रशिक्षण, वेगळं, तेही दहा-पंधरा लाखांच्या वर. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागतं, आणि शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. एनए प्लॉट किंवा फ्लॅट मागतात. 50 लाखांवर 10 टक्क्यांनी वर्षाचं व्याजच 5 लाख होतं, महिन्याला 41 हजारांवर. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी समाजकल्याण कार्यालयात जरूर चौकशी करावी. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात सीपीएल येतं. फी एकरकमी भरू नका. टप्प्यांनी, उडालेल्या तासांच्या हिशेबानं भरा आणि परताव्याची अट लेखी घ्या.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. एअरलाइनची भरती निघेपर्यंत वर्ष-दोन वर्षंही जाऊ शकतात, आणि तेवढ्यात मेडिकलचं नूतनीकरण, सरावाचे तास, कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून फ्लाइंगसोबत शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून किंवा मुक्त विद्यापीठातून पदवीला नाव घालून ठेवा. डीजीसीए पदवी मागत नाही, पण मधल्या काळात दुसरी नोकरी धरायची झाली तर बारावीच्या मार्कशीटवर फार काही मिळत नाही.