अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर उत्तर लिहिताना या चुका टाळा

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध हा टॉपिक शाळेत येतो, बीएला येतो, स्पर्धा परीक्षेत परत येतो, आणि तरी त्यावरची उत्तरं वाचायला घेतली की त्याच त्याच जागी गाडी घसरलेली दिसते. अभ्यास नसतो असं अजिबात नाही, नावं आणि सनावळ्या पाठ असतात, पण भांडण नेमकं कशावरून होतं हेच निसटतं आणि मग पाठ केलेलं सगळं नुसतं एकाखाली एक येऊन पडतं. मला हा विषय फार जवळचा आहे, म्हणून हमखास गडबड होणाऱ्या जागा इथे सांगतोय, आणि प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती काय करायची तेही.

"चहा महाग झाला म्हणून बंड झालं"

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि गोष्ट बरोबर उलटी आहे. १७७३ च्या टी अ‍ॅक्टने चहा स्वस्त होणार होता. झालं असं की ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा बुडायला आली होती. आपल्याकडे १७७० च्या आसपास बंगालमध्ये भयानक दुष्काळ पडला, कंपनीचा लष्करी खर्च वाढत चालला होता, आणि लंडनच्या गोदामांत न विकलेल्या चहाचे ढीग लागले होते (हा चहा चीनचा बरं का, आसामचा चहा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला). कंपनीला वाचवायला ब्रिटिश पार्लमेंटने तिला थेट अमेरिकेत, म्हणजे ब्रिटनच्या तिथल्या वसाहतींत, चहा विकायची परवानगी दिली, मधले दलाल गेले, भाव उतरणार होता. पण ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडच्या वेळेपासून (१७६७) चालत आलेला पौंडामागे ३ पेनीचा कर तसाच ठेवला. म्हणजे टी अ‍ॅक्टने नवा कर लावला असं लिहिलंत तर तेही चूक, कर जुनाच होता.

मग लोक का चिडले? स्वस्त चहा घेतला की पार्लमेंटला आपल्यावर कर लावायचा हक्क आहे हे आपण गुपचूप मान्य केलं असा त्याचा अर्थ होणार होता. शिवाय कंपनीने ठराविक व्यापाऱ्यांनाच माल द्यायचं ठरवलं, त्यामुळे बाकीचे व्यापारी आणि डच चहाची चोरटी आयात करणारे असे सगळेच पोटावर पाय आल्यासारखे खवळले. बोस्टनमध्ये त्या ठराविक लोकांत गव्हर्नर हचिन्सनचे मुलगेच होते, आता सांगा लोकांना काय वाटलं असेल.

आणि १६ डिसेंबर १७७३ हीच तारीख का, हे तर कुणी लिहीतच नाही. जहाज बंदरात आल्यापासून २० दिवसांत कर भरला नाही तर कस्टमवाले माल जप्त करू शकत होते. डार्टमथ हे पहिलं जहाज नोव्हेंबरच्या शेवटी आलेलं, १७ डिसेंबरला मुदत संपत होती, लोक म्हणत होते जहाजं परत पाठवा आणि हचिन्सन परवानगी देत नव्हता. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्ककडे निघालेली चहाची जहाजं माल न उतरवता परत गेली, चार्ल्सटनला माल उतरवून गोदामात बंद केला, बोस्टनला मात्र कोंडी झाली आणि त्या रात्री ३ जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. उत्तरात एवढी कोंडी दोन ओळींत जरी आली तरी ते उत्तर वेगळं दिसतं, कारण मग ती नुसती दंगल राहत नाही.

सुरुवातच चुकीच्या वर्षापासून करणं

बरेच जण थेट १७७३ किंवा १७७५ पासून सुरू करतात. सुरुवात १७६३ पासून करा. त्या वर्षी सप्तवार्षिक युद्ध संपलं, ब्रिटनने फ्रान्सकडून कॅनडा घेतला, पण युद्धाच्या खर्चाने ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं आणि अमेरिकेत सैन्य ठेवायचा खर्च डोक्यावर होताच. त्यात त्याच वर्षी राजाने जाहीर केलं की अ‍ॅपलेशियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वस्ती करायची नाही. वसाहतीतल्या लोकांना वाटत होतं की फ्रेंच गेले, आता ती जमीन आपली, आणि नेमकं तिथेच कुंपण पडलं. जमिनीचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, नुसत्या करांची यादी देणाऱ्या उत्तरांत तो कायम राहून जातो.

इथे क्रम डोक्यात बसत नसेल तर एक सोपा उपाय आहे. कागदावर दोन रकाने आखा, डावीकडे लंडनने काय केलं, उजवीकडे वसाहतींनी काय केलं. १७६५ स्टॅम्प अ‍ॅक्ट (कागदपत्रं आणि वर्तमानपत्रं यांच्यावर मुद्रांक कर), समोर लिहा न्यूयॉर्कला ९ वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे स्टॅम्प अ‍ॅक्ट काँग्रेस आणि ब्रिटिश मालावर बहिष्कार. १७६७ टाउनशेंडचे कर, काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर, समोर परत बहिष्कार. १७७० मध्ये चहा सोडून बाकीचे कर मागे. १७७३ टी अ‍ॅक्ट, समोर बोस्टन. १७७४ जाचक कायदे, बोस्टन बंदर बंद, मॅसॅच्युसेट्सच्या स्वराज्याच्या सनदेवरच घाला, समोर फिलाडेल्फियाला पहिली काँटिनेंटल काँग्रेस, १२ वसाहतींची, जॉर्जिया आली नव्हती. बघा, रकाने भरले की कारण आणि परिणाम आपोआप दिसतात, वेगळं पाठ करावं लागत नाही.

आणि या कागदावर एक नोंद ठळक करा जी जवळजवळ सगळ्यांच्या उत्तरातून गायब असते. १७६६ मध्ये स्टॅम्प अ‍ॅक्ट रद्द झाला तेव्हा लोकांनी जल्लोष केला, पण त्याच वेळी पार्लमेंटने डिक्लेरेटरी अ‍ॅक्ट पास केला, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करायचा पूर्ण अधिकार आम्हाला आहे. म्हणजे कर मागे घेतला, हक्क सोडला नाही. माझ्या मते सगळं भांडण या एका कायद्यात आहे. कर किती होता हा प्रश्नच नव्हता, वसाहतवाले ब्रिटनमधल्या लोकांपेक्षा कमीच कर भरत होते, प्रश्न होता आमच्या खिशात हात घालायचं कोण ठरवणार. १७६४ च्या शुगर अ‍ॅक्टचं पण तेच, त्यात मळीवरचा कर गॅलनमागे ६ पेनीवरून ३ पेनी केला होता, कमी केला होता, फक्त आता तो खरोखर वसूल होणार होता.

"प्रतिनिधित्व नाही तर कर नाही" म्हणजे त्यांना लंडनच्या पार्लमेंटमध्ये खासदारकी हवी होती

नाही. घोषणा वाचून असं वाटतं खरं, पण स्टॅम्प अ‍ॅक्ट काँग्रेसनेच सांगून टाकलं होतं की आमचं प्रतिनिधित्व पार्लमेंटमध्ये नाही आणि आमची परिस्थिती बघता होऊही शकत नाही. त्यांचं म्हणणं होतं की आमच्यावर कर लावायचा तर आमच्या व्हर्जिनियाच्या, मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेने लावावा, तिथे आम्ही निवडून दिलेली माणसं बसतात. ब्रिटिश बाजूचं उत्तरही लिहा, तेही तेवढं कच्चं नव्हतं. ते म्हणायचे की पार्लमेंटचा सदस्य सगळ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम सारख्या गावांनाही स्वतःचा सदस्य नाही, तरी ते कर भरतातच ना. दोन्ही बाजू मांडल्या की तुमचं उत्तर एकदम वजनदार होतं.

सगळा दोष राजा तिसऱ्या जॉर्जवर

कर राजाने लावले नव्हते, पार्लमेंटने लावले, ग्रेनव्हिल, टाउनशेंड, नॉर्थ हे मंत्री त्यामागे होते. उलट बरीच वर्षं वसाहतवाले राजाकडेच दाद मागत होते, तुमच्या पार्लमेंटला आवरा म्हणून. मग १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाच्या नावाने एवढी मोठी तक्रारींची यादी का? कारण तोपर्यंत पार्लमेंटचा अधिकार त्यांनी नाकारलाच होता, तोडायचा राहिला होता तो फक्त राजाशी असलेला धागा.

याला चिकटूनच दुसरी गडबड होते, लोक लिहितात की पहिल्यापासून स्वातंत्र्यच हवं होतं. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन-कॉन्कर्डला गोळ्या चालल्या, जूनमध्ये वॉशिंग्टनला सेनापती केलं, बंकर हिलची लढाई झाली, आणि एवढं होऊनही जुलैमध्ये काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला, जॉन डिकिन्सन त्यात पुढे होता. राजाने तो स्वीकारला नाही, ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर आहेत असं जाहीर केलं. मग जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनचं ‘कॉमन सेन्स’ आलं, साध्या भाषेत, राजेशाहीवरच घाव घालणारं, आणि लोकांचं मन वळलं. हा पेन अमेरिकेत आलाच होता १७७४ च्या शेवटी, म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वी!

माणसांची सरमिसळ

सॅम्युएल अ‍ॅडम्स आणि जॉन अ‍ॅडम्स वेगळे. सॅम्युएल बोस्टनमध्ये लोकांना संघटित करणारा, जॉन वकील, पुढे दुसरा राष्ट्राध्यक्ष, दोघं नात्याने चुलतभाऊ लागत होते पण लांबचे. आणि जॉनची एक गोष्ट जरूर लिहा. ५ मार्च १७७० ला बोस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात ५ जण मेले, त्यात क्रिस्पस अ‍ॅटक्स होता, आणि त्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं ते याच जॉन अ‍ॅडम्सने. कॅप्टन प्रेस्टन सुटला, ८ सैनिकांपैकी ६ सुटले, दोघांवर मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला. गाव खवळलेलं असताना हा माणूस कोर्टात उभा राहिला, मला तरी या सगळ्या काळातली ही फार मोठी गोष्ट वाटते.

जाहीरनामा जेफरसनने लिहिला हे बरोबर, पण समिती पाच जणांची होती (जेफरसन, जॉन अ‍ॅडम्स, फ्रँकलिन, शर्मन, लिव्हिंग्स्टन) आणि काँग्रेसने त्यात बरीच काटछाट केली. वॉशिंग्टनची सही त्यावर नाही, तो तेव्हा न्यूयॉर्कला सैन्याबरोबर होता. तारखेचं म्हणाल तर स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ ला झाला, ४ जुलैला जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला. ४ जुलैला सगळ्यांनी सह्या केल्या असं लिहू नका.

"सगळे अमेरिकन एक झाले"

हे वाक्य तर उत्तरातून काढूनच टाका. फ्रँकलिनचं घर बघा, बाप बंडाच्या बाजूने आणि मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर, शेवटपर्यंत राजाच्या बाजूने, दोघांचं नातं परत कधी जुळलं नाही. राजनिष्ठ लोकांची संख्या मोठी होती, युद्धानंतर हजारो कुटुंबं देश सोडून कॅनडाला, ब्रिटनला, वेस्ट इंडीजला गेली.

गुलामांचं काय? नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोरने जाहीर केलं की बंडखोरांचे गुलाम आमच्या बाजूने लढायला आले तर त्यांना स्वातंत्र्य. हजारो माणसं पुढे ब्रिटिशांकडे पळून गेली, त्यांच्यासाठी स्वातंत्र्य त्या बाजूला होतं. आणि सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीची आयुष्यभरात ६०० हून जास्त गुलाम माणसं होती. मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापारावरून राजाला दोष दिला होता, काँग्रेसने तो परिच्छेद काढला. हे लिहायला संकोच करू नका, याने विषय लहान होत नाही. मूळ रहिवाशांचंही तसंच, इरोक्वाय या टोळ्यांच्या संघातच फूट पडली, मोहॉक नेता जोसेफ ब्रँट ब्रिटिशांबरोबर गेला आणि ओनायडा बहुतेक अमेरिकनांबरोबर, आणि १७७९ मध्ये वॉशिंग्टनने पाठवलेल्या सुलिव्हनच्या फौजेने इरोक्वायांची गावं आणि उभी पिकं जाळली.

फ्रान्सला एका ओळीत उरकणं

ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला ब्रिटिश जनरल बर्गॉइन शरण आला आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने उघड करार केला, हा क्रम सांगा, आधी विजय मग करार. बंदुकीची दारू आणि शस्त्रं तर त्याआधीपासूनच गुपचूप येत होती. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस अडकला तो समुद्राकडून द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने वाट अडवली म्हणून, जमिनीवर वॉशिंग्टनबरोबर रोशांबोची फ्रेंच फौज होती.

आता आपल्याकडचा धागा. फ्रान्स उतरल्यावर हे युद्ध हिंदुस्थानपर्यंत आलं. पुण्याच्या दरबारात १७७७ मध्येच सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील नाना फडणीसांकडे येऊन बसला होता, इंग्रजांना त्याची धास्ती होती. जानेवारी १७७९ ला वडगाव, १७८२ ला सालबाईचा तह, हे सगळं त्याच वर्षांत. पण यावरून मराठ्यांनी अमेरिकेला मदत केली असं मात्र कृपा करून लिहू नका, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध रघुनाथरावांच्या प्रकरणातून १७७५ मध्ये सुरू झालं होतं, त्याची कारणं इथलीच होती. बरोबर मांडणी अशी की ब्रिटन एकाच वेळी खूप ठिकाणी गुंतला होता. तिकडे हैदर अलीचं नाव इतकं पोचलं होतं की पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाला ते दिलं होतं, आणि त्या जहाजाने १७८२ मध्ये एक ब्रिटिश जहाज पकडलंसुद्धा. कॉर्नवॉलिस तर १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून इथेच आला, कायमधारा पद्धतवाला तोच.

शेवटी संविधानाची गडबड

१७७६ ला संविधान आलं, वॉशिंग्टन लगेच राष्ट्राध्यक्ष झाला, अशी वाक्यं दिसतात. मधली वर्षं खाऊ नका. पॅरिसचा तह ३ सप्टेंबर १७८३ ला झाला. संविधान येईपर्यंत राज्यांना बांधून ठेवत होतं ते आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, म्हणजे राज्यांमधला करार, १७८१ पासून लागू, आणि गंमत बघा, त्यात मध्यवर्ती काँग्रेसला कर लावायचा अधिकारच दिलेला नव्हता, राज्यांकडे पैसे मागायचे, दिले तर दिले. कराच्या हक्कावरून युद्ध केलेल्या लोकांनी आपल्याच सरकारलाही तो हक्क सहज दिला नाही. सैनिकांचे पगार थकले, कर्ज थकलं, मग १७८७ ला फिलाडेल्फियात संविधान लिहिलं, त्यात तो अधिकार आला, आणि १७८९ मध्ये वॉशिंग्टन पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.