लाकडी दार घेताना या चुका टाळा: डिझाईन नंतर, आधी दाराची कड बघा

दुकानात दारं ओळीने उभी असतात, आपण समोरून बघतो, लॅमिनेट आवडलं, सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, नक्षीकाम आवडलं की भाव विचारून ऑर्डर देऊन मोकळे होतो. पण दाराच्या बहुतेक तक्रारी त्या समोरच्या बाजूमुळे येतच नाहीत. पावसाळ्यात दार फुगणं, घासणं, कडेचं प्लाय सुटणं, बिजागरीचे स्क्रू उपटून येणं, हे सगळं कडेत, आत भरलेल्या लाकडात आणि चौकटीत ठरलेलं असतं. त्यामुळे दुकानात गेलात की आधी दार आडवं करायला सांगा आणि वरची-खालची कड बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे, पैसे तुमचे जाणार आहेत.

चौकटीत काटकसर करणं

ही सगळ्यात मोठी चूक. पल्ल्यावर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या दारावर, भरपूर खर्च करायचा आणि चौकट कुठल्यातरी स्वस्त लाकडाची घ्यायची. अहो, पल्ला उद्या बदलता येतो, चौकट काढायची म्हणजे भिंत फोडायची, प्लास्टर, टाईल्स, रंग सगळं परत आलं. दोन उभे खांब, वरची आडवी म्हणजे जुन्या भाषेत गणेशपट्टी, खाली उंबरठा असेल तर तो, आणि पल्ला बसायला आतून कोरलेली खाच, जिला मिस्त्री रिबेट म्हणतात, एवढीच चौकट असते, पण सगळा भार तिच्यावर.

इथे माप नीट समजून घ्या. वखारीत ५ बाय अडीच इंच सांगतात ते रंधा मारायच्या आधीचं असतं, रंधा मारून हातात येतं ते पावणेपाच बाय सव्वादोनच्या आसपास. पैसे मात्र मूळ मापाचे लागतात, ती तशी रीतच आहे, फक्त ते आधी माहीत असलं पाहिजे. घनफुटाचा हिशोब सोपा आहे: रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. ७ फुटांचे दोन खांब आणि साडेतीन फुटांची गणेशपट्टी म्हणजे साडेसतरा फूट, त्याला ५ आणि अडीचने गुणून १४४ने भागलं की साधारण दीड घनफूट येतं. कोणी एका साध्या चौकटीला अडीच घनफूट लावत असेल तर थांबून विचारा.

फ्लॅटमध्ये मेन डोअरच्या बाहेर सेफ्टी डोअर, म्हणजे जाळीचं दार, पण लावणार असाल तर एक गोष्ट हमखास राहून जाते. चौकटीची खोली, म्हणजे वरची पावणेपाच इंचांची रुंदी, हातात येते १२० मिमीच्या आसपास, त्यातले ३५ मिमी मेन दाराचे, ३० सेफ्टी डोअरचे, मधे उरले ५५. हँडल बाहेर आलेलं असतं ५०-६० मिमी. मग दोन्ही दारं लावली की हँडल जाळीला आपटतं. त्यामुळे हँडल निवडून झाल्यावरच चौकटीची रुंदी ठरवा, उलटं करू नका.

फ्लश डोअर आतून काय आहे ते न विचारणं

बेडरूमला आपण जे सपाट दार लावतो ते फ्लश डोअर. बाहेरून सगळी सारखी दिसतात. आत चारही बाजूंनी लाकडाची फ्रेम, मधे पाईनच्या किंवा दुसऱ्या लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या, वर दोन्हीकडून प्लाय. स्वस्त मालात मधे पार्टिकल बोर्ड असतो किंवा चक्क पोकळी. पोकळ दाराला बिजागरी फक्त कडेच्या फ्रेममध्येच धरते आणि हँडल, टॉवर बोल्ट म्हणजे सरकती कडी, कपडे अडकवायचा हुक जिथे मनात येईल तिथे मारता येत नाही.

बोटाने ठोकून बघा, वरपासून खालपर्यंत, आवाज एकसारखा भरीव आला पाहिजे. मग वजन. ७ बाय ३ फुटांचं ३० मिमीचं भरीव दार ३० किलोच्या आसपास भरतं, एका माणसाने सहज बगलेत मारून नेलं तर आत काहीतरी कमी आहे. तरीही शंका असेल तर कंपनीचा कापलेला नमुना मागा, चांगले विक्रेते ठेवतात.

आयएसआय मार्क बघायचा तर प्लाय लावलेल्या सॉलिड कोअर म्हणजे भरीव फ्लश डोअरचं भारतीय स्टँडर्ड आयएस २२०२ भाग १ आहे. ७१० चा नंबर दाखवून कोणी दार विकत असेल तर लक्षात घ्या, आयएस ७१० हे मरीन प्लायचं आहे, अख्ख्या दाराचं नाही. वरचं प्लाय कितीही भारी असलं तरी आतल्या पट्ट्या ओल्या भरल्या असतील तर दाराला पीळ पडणारच. गोंदाचंही विचारा. फिनॉल गोंद पाण्याला टिकतो, युरिया गोंद दमटपणात हळूहळू सोडतो. कोकणात, मुंबईत हा फरक दोन-तीन पावसाळ्यात दिसतो.

आणि लिपिंग. कडेला लावलेली अखंड लाकडाची पट्टी. ही नसली तर प्लायचे थर उघडे राहतात आणि पाणी तिथूनच शिरतं. याच कारणासाठी रेडिमेड दार मोठं घेऊन "नंतर कापून बसवू" म्हणणं धोक्याचं आहे, दोन-चार मिमी रंध्याने काढलेलं चालतं, इंचभर कापलं की लिपिंग गेली, कधीकधी आतली फ्रेमच गेली. लॉकसाठी आत जो लाकडाचा ठोकळा ठेवलेला असतो तो पण बऱ्याच दारांना एकाच बाजूला असतो. कुठल्या बाजूला ते दारावर लिहिलेलं असतं, बिजागऱ्या मारायच्या आधी वाचा.

"सागवान आहे" एवढ्यावर विश्वास ठेवणं

कुठलं सागवान? आपल्याकडे चंद्रपूर, बल्लारशा, आलापल्लीच्या सागाचं नाव आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तोही त्याच भागातून. पण बाजारात घानाचा, नायजेरियाचा, इक्वेडोरचा सागही भरपूर येतो आणि तो सगळाच वाईट असतो असं अजिबात नाही. खरी गोष्ट नावापेक्षा गाभ्याची, म्हणजे खोडाच्या आतल्या गडद लाकडाची आहे. लवकर तोडलेल्या लागवडीच्या झाडात गाभा कमी आणि फिकट पांढरा भाग जास्त असतो. सागाला वाळवी सहज लागत नाही ही ख्याती गाभ्याची आहे, त्या पांढऱ्या भागाची नाही. पांढऱ्या भागातच पुढे किडा लागून बारीक पावडर पडायला लागते. गडद पॉलिश मारलं की दोन्ही एक दिसतात, म्हणून लाकूड पॉलिशच्या आधी बघायचं, आणि वखारीत जाताना आपला सुतार सोबत घ्यायचा.

अखंड सागाचं पॅनल डोअर, म्हणजे लाकडी फ्रेमच्या खाचेत तक्ते बसवलेलं दार, करून घेत असाल तर मधली पॅनल खाचेत मोकळी बसलेली असू देत. ती ऋतूप्रमाणे फुगते-आकसते, कोणी चिकटवून खिळे मारून पक्की केली तर उन्हाळ्यात मधोमध चीर जाते. पॅनलला पॉलिश जोडणीच्या आधी मारून घ्या, नाहीतर थंडीत ती आकसली की कडेने कोऱ्या लाकडाची रेघ दिसते.

एकाच बाजूला लॅमिनेट

बाहेरून १ मिमी लॅमिनेट किंवा व्हिनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा आणि आतून नुसता रंग, पैसे वाचवायला हे फार लोक करतात. एक बाजू दमट हवा ओढते, दुसरी ओढत नाही, दार धनुष्यासारखं वाकतं. लॅच लागत नाही, वरचा कोपरा चौकटीच्या बाहेर राहतो. आतून स्वस्त डिझाईन घ्या पण त्याच जाडीचं लॅमिनेट घ्या.

बाथरूमला लाकडी दार नकोच. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचं मिश्रण) किंवा एफआरपी (फायबर घातलेलं प्लास्टिक) लावा, चौकट ग्रॅनाईटची करा, विषय संपला.

बसवताना होणारा घोळ

नवीन बांधकामात चौकट आधी बसते, टाईल्स नंतर. फ्लोअरिंगची जाडी, म्हणजे खालचा माल धरून ५० मिमीच्या आसपास, धरली नाही तर दार खालून कापावं लागतं. भिंतीला टेकणाऱ्या चौकटीच्या बाजूला डांबरी रंगाचा हात मारा, ती बाजू नंतर कधीच हाताला येत नाही आणि ओल तिथूनच येते. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. ओळंबा, म्हणजे चौकट सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीचं वजन, मिस्त्रीने तुमच्यासमोर लावून दाखवला पाहिजे.

मेन डोअर ५० किलोपर्यंत जातं, त्याला ५ इंची चार बिजागऱ्या लावा. स्क्रू हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, प्लीज, ही सवय बऱ्याच ठिकाणी आहे आणि सगळी पकड त्यातच जाते. आणि पल्ल्याची वरची आणि खालची कड! रंगारी तिथे ब्रश नेतच नाही कारण दिसत नाही. दार लटकवायच्या आधीच सीलर, म्हणजे ओल आत शिरू न देणारा थर, मारून घ्या, लॉकसाठी पाडलेल्या भोकातून पण एक हात फिरवा.

आता जुनं दार घासतंय त्याचं काय

लगेच रंधा काढू नका. आधी कुठे घासतंय ते बघा. लॉकच्या बाजूचा वरचा कोपराच घासत असेल तर दार फुगलेलं नाही, वरची बिजागरी ढिली झाली आहे. दार हँडलला धरून वर उचलून बघा, बिजागरी हलताना दिसेल. दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल तर चौकट ओळंब्यात नाही. लॉकच्या बाजूने पूर्ण उंचीभर घासत असेल, आणि तेही जुलै-ऑगस्टमध्येच, तर ती हवेतली ओल आहे. तेव्हा ३ मिमी तासून काढलं तर मार्चमध्ये तेवढी फट दिसेल. तोपर्यंत पॉलिशपेपरने जेमतेम मोकळं करा, ऑक्टोबरच्या उन्हात दार सुकलं की उघड्या कडा सील करा, मग गरज वाटली तरच रंधा.

ढिल्या बिजागरीचं काम मात्र आजच हातात घेण्यासारखं आहे. दाराखाली पाचर देऊन भार घ्या, स्क्रू काढा, मोठ्या झालेल्या भोकात फेव्हिकॉल लावलेल्या लाकडाच्या बारीक काड्या घट्ट ठोका, रात्रभर सुकू द्या, जास्तीचं कापून टाका आणि नवीन बारीक भोक पाडून आधीपेक्षा अर्धा इंच लांब स्क्रू पेचकसानेच पिळून बसवा.