थरारपटात मुदत कशी बांधावी

पटकथा ढिली वाटली की बरेच जण पाठलाग घालतात, संकलनातले कट वाढवतात. त्याने गोंगाट वाढतो, प्रेक्षक मात्र आरामात रेलून बसलेला असतो. त्याला सावरून बसवते ती मुदत.

आधी ती एका वाक्यात लिहून काढा. ‘तिला वाचवायचंय’ एवढ्याने भागत नाही. ‘सहाच्या बोटीने साक्षीदार गेला, तर निर्दोष माणूस फासावर’ यात वेळ, काम आणि किंमत तिन्ही आलं. 120 पानांच्या पटकथेत हे तिसाव्या पानाच्या आत कळायला हवं.

मुदत नायकाआधी प्रेक्षकाला कळली तर फारच उत्तम. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर 15 सेकंदांचा धक्का, आधी दाखवला तर 15 मिनिटांची धाकधूक, हा थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा हिशेब आजही चुकत नाही. टेबलावरच्या गप्पा जितक्या फालतू, तितका जीव वरखाली.

खरी मेहनत अडथळ्यांत आहे. प्रत्येक अडथळ्याने वेळ तर खावाच, शिवाय एक वाटही बंद करावी. किल्ली लागत नाही म्हणून नायक काच फोडतो, बोट कापतं. पुढे त्या रक्ताळलेल्या बोटाने फोनचं लॉक उघडत नाही. नुसतं ट्रॅफिकमध्ये अडकवणं हा आळस झाला.

मध्यंतराच्या आसपास मुदत एकदा अलीकडे आणा, पण त्याचं कारण आधी पेरून ठेवा. ती पुढे ढकललीत, की पुढच्या धमकीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

‘हाय नून’ (1952) या वेस्टर्न चित्रपटात कथेतला आणि पडद्यावरचा वेळ जवळपास बरोबरीने चालतो. तेवढा काटेकोरपणा सगळीकडे लागत नाही. शेवटचं एक मिनिट पडद्यावर तीन मिनिटं ताणलं तरी खपतं, फक्त घड्याळाच्या दोन शॉटच्या मधे नवी अडचण यायला हवी. लांबलचक कबुलीजबाबानंतर घड्याळातला सेकंदांचा आकडा 40 वरून 39 वर आला, की थिएटरात हशा पिकतो.

संकलनाला बसण्याआधी प्रत्येक प्रसंगाला विचारा: हा उद्या घडला तर चालेल का? चालणार असेल, तर तो मुदत सुरू होण्याआधी न्या, नाहीतर काढा. भावनिक संवाद बहुधा इथेच सापडतात; ते धावता धावता, दोन ओळींत उरका.