रात्रीचं पॉर्न बघणं कसं सुटलं: माझा अनुभव

रात्री साडेअकराला पाच मिनिटं म्हणून उघडायचो आणि दोन वाजायचे. सकाळी डोकं जड, कामात लक्ष नाही, बायकोशी जवळीक नकोशी.

ब्लॉकर लावला, खजराण्याच्या गणपतीसमोर शपथ घेतली. आठवडाभरही टिकलं नाही. स्वतःची फार लाज वाटायची.

शेवटी इथेच इंदूरात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, डोपामिन हे मेंदूतलं रसायन सुख मिळण्यापेक्षा ते मिळेल या आशेवर उसळतं. खरंच, माझा निम्मा वेळ पुढचा व्हिडिओ शोधण्यातच जायचा. २०२२ पासून लागू असलेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, अनावर लैंगिक वर्तनाची नोंद व्यसनांत नाही, आवेग-नियंत्रणाच्या विकारांत आहे. हे कळल्यावर मन हलकं झालं.

आधी सात दिवस ओढ कधी येते ते वहीत लिहिलं. बहुतेक वेळा तेच: अंथरुणात, एकटा, फोन हातात. मग दहा वाजता फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर चार्जिंगला. गजरासाठी चावीचं घड्याळ आणलं. ओढ आली की तिच्याशी झगडायचं नाही, घरासमोरच्या ओट्यावर जाऊन बसायचं. वीसेक मिनिटांत ओसरायची. त्यानंतर बायकोला सगळं सांगितलं. हे सर्वांत कठीण.

पहिले दोन आठवडे चिडचिड, झोप तुटक. दोनदा घसरलो, तारीख लिहिली, फोन परत फ्रिजवर. तिसऱ्या महिन्यापासून अकराच्या आत झोप लागते.