गावात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका कशी चालवावी

बहुतेक लहान गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते आणि त्यानंतर मूल एसटीने किंवा सायकलने शेजारच्या मोठ्या गावातील हायस्कुलात जाऊ लागते. गावच्या शाळेतील गुरुजींना त्या मुलाचे घर, आईवडील आणि घरातील अडचणी ठाऊक असतात; नव्या शाळेत मात्र ते भरलेल्या वर्गातील एक हजेरी क्रमांक होऊन जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षणही सहा ते चौदा वर्षे या वयापुरते, म्हणजे साधारण आठवीपर्यंतच आहे. म्हणून आठवी ते दहावी ही तीन वर्षे सर्वांत निसरडी असतात आणि गावाने काही करायचे असेल तर ते याच वर्षांसाठी करावे, असे माझे मत आहे.

अभ्यासिका म्हणजे शिकवणी नव्हे, हे सुरुवातीलाच सर्वांना स्पष्ट सांगावे. विषय शिकवणे हे शाळेचे काम आहे. ज्या घरात एकच खोली असते, टीव्ही चालू असतो आणि लहान भावंडे अंगावर खेळत असतात, त्या घरातील मुलाला दीड तास शांतता, उजेड आणि लक्ष ठेवणारे एक मोठे माणूस मिळवून देणे एवढेच अभ्यासिकेचे काम असते. हे काम छोटे दिसते, पण ते रोज करणे कठीण असते. अनेक अभ्यासिकांचे उद्घाटन थाटात होते, भिंतीवर देणगीदारांची नावे लागतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कुलूप काढायला कोणी उरत नाही. त्यामुळे जागा शोधण्याआधी माणसे शोधावीत. निवृत्त शिक्षक मिळाला तर उत्तमच; पण बारावी झालेली सून, पोस्टात काम करणारा तरुण किंवा सोसायटीचा सचिव यांपैकी कोणीही चालेल, कारण येथे बीजगणित येण्यापेक्षा वेळेवर येण्याला अधिक किंमत आहे. असे निदान चार जण हवेत आणि त्यांनी वार वाटून घ्यावेत. एकट्याच्या उत्साहावर चाललेली अभ्यासिका त्याच्या घरी लग्नकार्य निघाले की बंद पडते.

वेळ ठरवताना संपूर्ण गावाला सोबत घेता आले तर निम्मे काम होते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. मुलांच्या अभ्यासासाठी मोठ्यांनीही तेवढा वेळ स्वतःवर बंधन घालून घ्यायचे, हे त्यातले महत्त्वाचे. प्रत्येक गावाला हे जमेल असे नाही. तरीही ग्रामसभेत हा विषय मांडून संध्याकाळचे लाउडस्पीकर, वाढदिवसांचे डीजे आणि मंडळांच्या बैठका त्या दीड तासात नकोत, एवढा ठराव करून घेण्यास हरकत नसावी. ठरलेली वेळ ऋतूप्रमाणे बदलू नये. सात म्हणजे सात, मग त्या दिवशी तीनच मुले आलेली असली तरी.

जागेसाठी समाजमंदिर, ग्रामपंचायतीचे सभागृह, सार्वजनिक वाचनालय किंवा शाळेची खोली यांचा विचार करता येतो. देवळाचा सभामंडप सहज मिळतो, पण तेथे सणासुदीला आणि सप्ताहात अभ्यास बंद पडतो. शिवाय गावातील प्रत्येक घरातील मूल तेथे सारख्याच मोकळेपणाने येईल का, हे प्रामाणिकपणे पाहावे. समाजमंदिर एका वस्तीत असेल तर हाच प्रश्न उलट बाजूने विचारावा. माझा कल शाळेच्या खोलीकडे आहे, कारण शाळा सर्वांची असते. त्यासाठी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे तेथे विषय नीट समजावला तर होकार मिळायला अडचण येत नाही. किल्ली कोणाकडे राहील, वीजबिल कोण भरेल आणि सकाळी खोली झाडलेली कशी मिळेल, या तीन गोष्टी ठरावातच लिहून घ्याव्यात. पुढची भांडणे बहुधा याच तीन गोष्टींवरून होतात.

सामान फारसे लागत नाही. सतरंज्या, बसक्या डेस्कांच्या जागी फळ्या, दोन चांगल्या ट्यूबलाइट, भिंतीवर घड्याळ, फळा आणि वीज गेल्यावर चालणारा एक इन्व्हर्टर किंवा चार्जिंगचा दिवा पुरेसा आहे. आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांचा एकेक संच मात्र खोलीतच असावा. बालभारतीच्या संकेतस्थळावरून ही पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात आणि गरजेपुरती पाने छापता येतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो, त्यातून दिवे आणि सतरंज्या मागाव्यात. संगणक देणारा कोणी भेटला तर आभार मानून त्याला आधी स्वच्छतागृहाचे दार दुरुस्त करून देण्याची विनंती करावी.

हे मी गमतीने लिहीत नाही. स्वच्छतागृह आणि परतीचा रस्ता यांवर मुलींची हजेरी ठरते. हिवाळ्यात सहा वाजल्यानंतर लगेच अंधारते, त्यामुळे साडेआठला मुलगी एकटी घरी जाणार असेल तर घरचे तिला पाठवणार नाहीत आणि त्यांचे ते चूकही नाही. आळीनुसार गट करून एका पालकाने त्या दिवशी सर्वांना घरापर्यंत सोडावे, किंवा मुलींसाठी सकाळी साडेपाच ते सातची वेळ ठेवावी. कोणता पर्याय सोयीचा, हे मुलींच्या आयांना विचारूनच ठरवावे. खोलीत नेहमी दोन मोठी माणसे असावीत, त्यांत एक स्त्री असावी, दारे उघडी असावीत आणि कोणत्याही एका मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर एकटे थांबू नये. बाहेरून येऊन नियमित बसणाऱ्या व्यक्तीची पोलीस पडताळणी करून घ्यावी. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा, आणि काही गंभीर कानावर आले तर गावात मिटवामिटवी न करता पोलिसांना कळवावे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने तसे कळवणे बंधनकारकच केले आहे.

आता रोजच्या दीड तासाविषयी. पहिली पाच मिनिटे हजेरीची. हजेरीच्या वहीत नावापुढे केवळ ‘गैरहजर’ असे न लिहिता कारणाचा एक रकाना ठेवावा आणि कारण मुलांकडूनच विचारून जसेच्या तसे लिहावे. ‘कापूस वेचायला गेली’, ‘पाहुणे आले’, ‘वडिलांबरोबर बाजार’, ‘पोट दुखतंय’ अशा नोंदी महिनाभर एकाखाली एक वाचल्या की बरेच काही दिसू लागते. एखाद्या मुलीपुढे तिसऱ्यांदा ‘पाहुणे’ आले असेल तर घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी एखाद्या ताईने सहज म्हणून त्या घरी चहाला जाऊन यावे. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीच्या सुमारास आईवडील निघतात आणि मुले आजीआजोबांकडे राहतात किंवा त्यांच्यासोबत फडावर जातात. कोण राहणार आणि कोण जाणार, हे टोळी निघण्याआधीच विचारून घ्यावे, म्हणजे हंगामी वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय बोलता येते.

हजेरीनंतर एक तास मुलांनी आपापला अभ्यास करावा आणि बसणाऱ्या मोठ्या माणसाने फिरत राहावे, मोबाइल पाहू नये. मुलगा लिहीत आहे म्हणजे शिकत आहे, असे समजू नये. मार्गदर्शकातली उत्तरे सुवाच्य अक्षरात उतरवून वही पूर्ण करण्यात आपली मुले तरबेज असतात. नववीतल्या मुलाला अर्धा अधिक पाव किती, हे अपूर्णांकात मांडायला सांगून पाहावे. १/२ + १/४ = २/६ असे उत्तर अनेकदा येते, कारण त्याने वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवलेले असते. तेथे लगेच लसावि काढून दाखवण्याची घाई करू नये. दोन षष्ठांश म्हणजे किती, हे त्यालाच चित्र काढून पाहायला सांगावे आणि मग विचारावे, की अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे झाले? मूल थबकते, पेन्सिल चावते आणि बहुतेक वेळा स्वतःच खाडाखोड सुरू करते. बीजगणित शिकवता न येणाऱ्या माणसालाही असे प्रश्न विचारता येतात. शेवटची वीस-पंचवीस मिनिटे एकाने मोठ्याने वाचावे किंवा दहावीतल्याने आठवीतल्याला समजावून सांगावे; समजावणाऱ्यालाच त्याचा अधिक फायदा होतो.

शाळेशी संबंध ठेवल्याशिवाय हे सारे अर्धवट राहते. महिन्यातून एकदा हायस्कुलात जाऊन वर्गशिक्षकांना भेटावे. जाताना तक्रार घेऊन जाऊ नये. आमच्या गावची ही अकरा-बारा मुले रोज बसतात, त्यांच्या घटक चाचण्या कधी आहेत आणि कोणाकडे लक्ष द्यायला हवे, एवढेच विचारावे. गावातून कोणी मुलांची चौकशी करायला येते, हे कळल्यावर शिक्षकांचेही त्या मुलांकडे लक्ष जाते. दहावीच्या बाबतीत अंतर्गत गुणांची चौकशी आवर्जून करावी. भाषा विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण अंतर्गत असतात. प्रयोगवही आणि स्वाध्याय वेळेवर न दिल्यामुळे हातचे गुण गेलेली मुले पुढे ३५ टक्क्यांसाठी धडपडतात.

आठवीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, हे जुलैपासूनचे काम समजावे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांना ती देता येते, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन प्रश्नपत्रिका असतात. अभ्यासापेक्षा कागदपत्रांतच अधिक मुले अडकतात, म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधारवरील नावाचे स्पेलिंग आणि मुलाच्या नावाचे बँक खाते या गोष्टी गणपतीच्या आधीच उरकाव्यात. मुलींसाठी एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. तो काढलेला आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

दहावीची परीक्षा संपली की अभ्यासिका ओस पडते, पण निकालाच्या आठवड्यात ती संध्याकाळी उघडी असलीच पाहिजे. उत्तीर्ण झालेल्यांना अकरावी, आयटीआय किंवा तंत्रनिकेतन यांचे अर्ज भरायचे असतात आणि त्यांचे पेढे गावभर फिरत असतात. नापास झालेले मूल मात्र घराबाहेर पडत नाही, म्हणून आपण त्याच्या घरी जावे. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या, सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत थोड्याच दिवसांत भरावा लागतो, त्यामुळे रडणे ओसरण्याची वाट पाहत न बसता दुसऱ्याच दिवशी मुलाला घेऊन शाळेत जावे. ज्याने नववीतच शाळा सोडली होती, त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो अनेकदा घरात सापडत नाही आणि दुय्यम प्रत मिळवण्यात वेळ जातो. म्हणून अशा मुलांची यादी करून त्यांचे दाखले उन्हाळ्यातच तपासून ठेवावेत.