‘गेट’ (get) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कसा ओळखावा
‘गेट’ म्हणजे ‘मिळणे’ एवढेच पाठ केले, तर पुढे वाक्यावाक्याला अडखळायला होते. म्हणून क्रियापदापेक्षा त्याच्या पुढच्या शब्दाकडे लक्ष द्यावे. पुढे नाम आले तर बहुधा मिळणे किंवा आणणे, ठिकाण आले तर पोहोचणे. विशेषण आले की मात्र बदल सूचित होतो: ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे, तर ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडू लागला आहे. ‘आय गॉट माय हेअर कट’ या वाक्यात केस दुसऱ्याने कापले, मी ते कापून घेतले. आपले ‘करवून घेणे’ इथे नेमके बसते, आणि हाच उपयोग आधी पक्का करावा असे मला मनापासून वाटते. भूतकाळी रूप ‘गॉट’. अमेरिकन इंग्रजीत तिसरे रूप बहुधा ‘गॉटन’ होते.