जुन्या वेस्टर्न चित्रपटांची योग्य प्रत कशी निवडावी

अमेरिकेत 1964 पूर्वी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाच्या प्रताधिकाराचे नूतनीकरण अठ्ठाविसाव्या वर्षी करावे लागे. ते राहून गेले, की चित्रपट सार्वजनिक मालकीचा होई. अभिनेता जॉन वेनचा 1947 मधील ‘एंजल अँड द बॅडमन’ हा वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, असाच मुक्त झाला, आणि म्हणूनच अशा चित्रपटांच्या डीव्हीडी अनेक कंपन्यांनी, हाती लागेल त्या प्रिंटवरून, काढल्या.

त्यामुळे खरेदीपूर्वी कव्हरवरील चित्राला न भुलता चित्रपटाची लांबी आणि चित्रचौकट (चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण) आधी तपासावी. मार्लन ब्रँडोने दिग्दर्शित केलेला एकमेव चित्रपट ‘वन-आयड जॅक्स’ (1961) व्हिस्टाव्हिजन या, मोठ्या निगेटिव्हवर अधिक स्पष्ट चित्र टिपणाऱ्या तंत्राने चित्रित झाला होता. तरीही त्याच्या स्वस्त प्रतींमध्ये रंग विटलेले आणि समुद्रकिनाऱ्याची दृश्ये धूसर दिसत. 2016 मध्ये मूळ निगेटिव्हवरून पुनर्संस्कारित झालेली ब्लू-रे आवृत्तीच संग्रहात ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

1930 च्या दशकातील तासाभराच्या वेस्टर्नपटांना काही वितरकांनी नवे संगीत जोडले आहे. तिथे मूळ ध्वनिपट असलेली प्रतच मागावी. भारतातून मागवताना रीजन कोडही (डिस्क कोणत्या प्रदेशातील प्लेअरवर चालेल ते सांगणारा क्रमांक) पाहावा, कारण अमेरिकेतील डीव्हीडीचा रीजन 1 असतो, आपला 5.